एमएसचं निदान अजून व्हायचंय: मधल्या काळात नोकरी आणि पैसा कसा सांभाळायचा

“मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असू शकतो. नसूही शकतो. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून बघू.” न्यूरोलॉजिस्टनी हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, फाइल उचलली आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर मनात पहिला प्रश्न आजाराचा आलाच नाही. उद्या ऑफिसात काय सांगायचं, हा आला.

माझं सुरू झालं ते उजव्या डोळ्यापासून. डोळा फिरवला की दुखायचा आणि लाल रंग धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा दिसायचा. मी अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर आकड्यांच्या रांगा. त्या पहिल्या दिवसापासून ‘हो, एमएसच आहे’ असं कागदावर यायला १४ महिने गेले. त्या १४ महिन्यांत मी आजारी होते, पण आजाराला नाव नव्हतं. आणि बिननावाच्या आजाराला रजेच्या अर्जात, विम्याच्या फॉर्ममध्ये, साहेबांच्या डोक्यात, कुठेच रकाना नसतो.

या लेखात औषधोपचार नाहीत. नोकरी, रजा, पैसा, विमा आणि कागदपत्रं एवढंच आहे. मी सगळ्यात शेवटी शिकले ते आधीच सांगते: परत फिरवता येतील असे निर्णय आत्ता घ्या, जे परत फिरवता येणार नाहीत ते निदान होईपर्यंत बाजूला ठेवा.

## १. वेळ का लागतोय, ते आधी समजून घ्या

पुढचे कित्येक महिने घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच विचारणार आहेत: “अजून कळलं नाही? डॉक्टर बदलून बघ ना.” त्यांना द्यायला तुमच्याकडे उत्तर हवं. स्वतःला द्यायला तर हवंच हवं.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर उलटते. मेंदू, मणक्यातली मज्जारज्जू आणि डोळ्याची नस या ठिकाणी हे आवरण खराब झालं की एमआरआयमध्ये डाग दिसतात. पण मेंदूतले डाग मायग्रेनमुळे, उच्च रक्तदाबामुळे, नुसत्या वयामुळेही दिसतात. बी १२ ची कमतरता, ल्युपस, सार्कॉइडोसिस आणि एमएसचे दोन जवळचे नातेवाईक शोभावेत असे एनएमओ आणि मॉग हे आजारही अशाच तक्रारी घेऊन येतात. एक रक्ततपासणी केली आणि हो किंवा नाही कळलं, असं इथे होत नाही.

डॉक्टर त्यासाठी मॅकडोनाल्ड निकष वापरतात. न्यूरोलॉजिस्ट इयन मॅकडोनाल्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञांनी ते २००१ मध्ये मांडले, पुढे २००५, २०१०, २०१७ आणि २०२४ मध्ये ते सुधारले गेले. त्यांचा गाभा असा: नुकसान एकाहून जास्त जागी झालंय आणि एकाहून जास्त वेळी झालंय हे दिसायला हवं, शिवाय त्यामागे दुसरा आजार नाही याची खात्री हवी. ‘एकाहून जास्त वेळी’ हे दाखवायला कधीकधी वेळच जाऊ द्यावा लागतो. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे रोगप्रतिकारक प्रथिनांचे विशिष्ट पट्टे, सापडले तर हा काळ कमी होऊ शकतो, म्हणून ती तपासणी सुचवतात. २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नसही मोजायच्या जागांमध्ये आली आणि काही रुग्णांसाठी काळाची अट सैल झाली. तुम्हाला जुन्या निकषांवरून ‘थांबा’ सांगितलं असेल, तर नव्या निकषांनी काय दिसतं हे पुढच्या भेटीत जरूर विचारा.

थांबायला सांगणं म्हणजे टाळणं नव्हे, हे मला एका अभ्यासाने पटलं. डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या रुग्णांवर अमेरिकेत १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला मेंदूच्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता, त्यांच्यापैकी साधारण २५ टक्के लोकांना पुढे एमएस झाला. एक किंवा जास्त डाग असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७२ टक्के होतं. म्हणजे डाग नसूनही होऊ शकतो आणि डाग असूनही १५ वर्षांत होत नाही, अशी माणसं दोन्हीकडे आहेत. डॉक्टरांना खरोखरच माहीत नसतं.

अर्थात ‘वाट बघा’ याचा अर्थ काहीही झालं तरी घरी बसा असा नाही. अचानक तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, शरीराची एक बाजू लुळी पडणं हा पक्षाघात असू शकतो; पुढच्या तारखेची वाट न बघता तडक रुग्णालय गाठा. दिसणं झपाट्याने कमी होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं किंवा लघवी अडकणं, यातलं काही झालं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

## २. एक फाइल करा

मी सुरुवातीचे चार महिने कागद पर्समध्ये, कपाटात आणि गाडीच्या खणात ठेवत होते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेले तेव्हा रिपोर्ट होता, पण सीडी घरी. भेट वाया गेली, रजाही.

फाइलमध्ये हे हवं:

- प्रत्येक एमआरआयचा लेखी रिपोर्ट आणि मूळ चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह. नुसत्या रिपोर्टवर दुसरा डॉक्टर फार काही सांगू शकत नाही.
- रक्ताचे सगळे रिपोर्ट, ‘नॉर्मल’ आलेलेसुद्धा. इतर आजार नाहीत हे त्यांच्यावरूनच ठरतं.
- डोळ्यांच्या डॉक्टरांचे कागद. पहिली नोंद बहुधा त्यांच्याकडेच असते.
- प्रत्येक भेटीचा केसपेपर किंवा चिठ्ठी, तारखेसह.
- नेमणुकीचं पत्र, रजेचे नियम, शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या.
- विम्याच्या सगळ्या पॉलिसी, पूर्ण मजकुरासकट. पहिलं रंगीत पान पुरत नाही.
- खर्चाची बिलं आणि पावत्या.

सगळ्याचे फोटो काढून फोनमध्ये एका फोल्डरला ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ते कुठे आहेत हे सांगून ठेवा.

## ३. लक्षणं कामाच्या भाषेत लिहा

लक्षणांची वही ठेवा असं सगळेच सांगतात. कशी ठेवायची हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या वहीत पहिले दोन महिने ‘आज खूप थकवा’, ‘आज पण थकवा’, ‘हाताला मुंग्या’ एवढंच आहे. त्यावरून डॉक्टरांनाही काही कळलं नाही आणि ऑफिसलाही कळलं नसतं.

नंतर मी असं लिहायला लागले: ‘मंगळवार. दुपारी २ नंतर एकच रांग तीनदा तपासावी लागली. नेहमी एका तासात होणारं काम अडीच तास चाललं. खोली गरम होती.’ या एका नोंदीत किती वेळ, कशावर परिणाम आणि कशामुळे वाढलं, तिन्ही आलं.

लक्षण किती काळ टिकलं हे नक्की लिहा. एमएसचा झटका म्हणायला नवीन किंवा पुन्हा उमटलेली तक्रार किमान २४ तास टिकावी लागते, आणि ताप किंवा संसर्ग नसावा लागतो. दहा मिनिटं आलेल्या मुंग्या आणि चार दिवस राहिलेला बधिरपणा यांत डॉक्टरांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हो, डॉक्टर अख्खी वही वाचत नाहीत. भेटीच्या आदल्या रात्री एका पानावर सार काढा आणि तेवढंच पुढे करा.

## ४. राजीनामा लिहू नका, निदान रात्री तरी

डोळ्यासाठी मला मिथाइलप्रेडनिसोलोनचे सलाइन लागले. हे स्टेरॉइड जास्त मात्रेत, साधारण ३ ते ५ दिवस देतात. त्याने अनेकांची झोप उडते, मन कधी उधाणतं, कधी चिडचिडं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रात्री ३ वाजता मी टक्क जागी होते, डोकं विजेसारखं चालत होतं आणि मी सुंदर, मुद्देसूद राजीनामा लिहिला. स्वतःचा क्लास काढायचा पूर्ण आराखडाही केला. ईमेल गेला नाही, कारण त्या एका डोळ्याने मला साहेबांचा पत्ता नीट टाइप करता आला नाही. आजाराचा मला झालेला तेवढाच फायदा.

नोकरी सोडली की पगार जातो, हे उघड आहे. पण त्याबरोबर साठलेली रजा जाते, कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा जातो, आणि कामात सोयी मागायचा हक्कही जातो. यातलं काही परत मिळवणं, विशेषतः विमा, तपासण्या चालू असताना फार कठीण असतं.

नोकरी बदलायचं आधीपासूनच डोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. तरी नव्या ठिकाणी परिवीक्षा काळात रजा किती, विमा पहिल्या दिवसापासून लागू होतो का, आधीपासूनचे आजार त्यात धरतात का, हे लेखी विचारल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नका. स्टेरॉइड चालू असताना घेतलेला पैशाचा कोणताही मोठा निर्णय दोन आठवडे उशाखाली ठेवा.

## ५. ऑफिसात कोणाला, काय आणि किती सांगायचं

सगळ्यात जास्त चुका मी इथे केल्या.

पहिली चूक, आजाराचं नाव सांगितलं. “बहुतेक एमएस आहे,” असं मी एका सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत म्हणाले. चार दिवसांत ते ‘हिला एमएस झालाय’ झालं आणि एका बाईंनी येऊन, माझ्या समोर, व्हीलचेअरवरच्या कोणाची तरी गोष्ट सांगितली. नाव एकदा बाहेर पडलं की ते परत घेता येत नाही. पुढे निदान बी १२ च्या कमतरतेचं निघालं असतं तरी ऑफिसात मी एमएसवालीच राहिले असते.

तुम्हाला सांगायचंय ते आजाराविषयी नाही, कामाविषयी आहे. साहेबांना तीनच गोष्टी कळायला हव्यात: तपासण्या चालू आहेत, कामावर सध्या अमुक परिणाम होतोय, आणि मला तमुक मदत हवी आहे. माझं पुढे ठरलेलं वाक्य हे होतं:

“सर, माझ्या मज्जासंस्थेच्या तपासण्या चालू आहेत. निश्चित निदान व्हायला काही महिने लागतील असं डॉक्टरांनी सांगितलंय. काम मी करतेय. फक्त पुढचे तीन महिने तपासणीच्या दिवशी रजा आणि महिन्याच्या शेवटच्या कामासाठी सकाळची वेळ लागेल. डॉक्टरांची चिठ्ठी देते.”

बघा, यात रडगाणं नाही आणि खोटंही नाही. “म्हणजे नक्की काय झालंय?” असं विचारलंच तर “तेच शोधतायत” एवढं पुरतं.

दुसरी चूक, सगळं तोंडी ठेवलं. माझे तेव्हाचे वरिष्ठ “काळजी करू नका, बघून घेऊ” म्हणाले आणि दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की हजेरी कमी आहे. म्हणून बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका: ‘आज आपलं बोलणं झालं त्यानुसार…’ एचआरला प्रत पाठवा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय असावं हेही त्यांना सांगावं लागतं. ‘मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका’ असं लिहायची गरज नसते. ‘न्यूरोलॉजिकल तपासण्या सुरू आहेत, अमुक काळ सलग दोन तासांपेक्षा जास्त स्क्रीनवर काम टाळावं, उष्ण जागी काम टाळावं’ असं लिहिलं तर ऑफिसला त्यावर काहीतरी करता येतं.

कायद्याचं थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांचा अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा आहे. त्यात कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी देण्याचं तत्त्व आहे आणि त्या नाकारणं हा भेदभाव धरला आहे. देशोदेशीचे कायदे मात्र वेगळे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात एमएसचं निदान झाल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. इतर ठिकाणी निदानापेक्षा रोजच्या कामावर किती आणि किती काळ परिणाम झालाय हे बघतात. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला निदानाआधीही हक्क असू शकतात, आणि तिथे ती वही पुरावा ठरते. तुमच्याकडे कोणता नियम आहे ते एमएस रुग्णांच्या संस्थेला किंवा कामगारविषयक वकिलाला विचारा. निदान व्हायचं असलेल्यांशीही अशा संस्था बोलतात.

एका बाबतीत गप्प राहायची मुभा नाही. तुम्ही वाहन चालवत असाल, यंत्रावर, उंचीवर किंवा विजेचं काम करत असाल आणि दोन-दोन दिसणं, तोल जाणं, हात-पाय बधिर होणं सुरू असेल, तर डॉक्टरांना आणि कामाच्या ठिकाणी लगेच सांगा.

## ६. छोट्या सोयी मागा, मुदतीच्या मागा

‘कायमचं घरून काम द्या’ म्हटलं की वरचे दचकतात. ‘तीन महिने असं करून बघू या का?’ म्हटलं की बहुतेकदा हो म्हणतात, आणि तीन महिन्यांनी कोणाच्या लक्षातही राहत नाही.

काय मागायचं ते वहीवरून ठरवा. एमएसच्या रुग्णांमध्ये दहापैकी साधारण आठ जणांना थकवा असतो, आणि तो झोप काढून जाणारा थकवा नसतो. उष्णता हा दुसरा शत्रू. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं की व्यायामानंतर काही रुग्णांना धूसर दिसतं. पुढे कळलं की शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत. शरीर थंड झालं की बहुतेक वेळा पूर्ववत होतं, नवं नुकसान झालेलं नसतं. हे माहीत असलं की दुपारी गरम खोलीत डोळ्यासमोर धुकं आलं तर घाबरून अर्धी रजा टाकायची वेळ येत नाही. गार जागी अर्धा तास बसून बघायचं.

मला उपयोगी पडलेल्या सोयी: खिडकीपासून दूर, पंख्याखालची जागा, अवघड काम सकाळी, फोन आणि फायलिंग दुपारी, मोठा स्क्रीन आणि मोठी अक्षरं, बैठकीचे मुद्दे लेखी, जिन्याऐवजी तळमजल्यावरची बैठकीची खोली. यातल्या एकाही गोष्टीला कंपनीचा फारसा पैसा लागला नाही.

एकाच वेळी चार कामं हाताळणं जड जात असेल तर लाज वाटू देऊ नका, डॉक्टरांना सांगा. माहितीवर प्रक्रिया करायचा वेग कमी होणं हे एमएसमध्ये दिसतं आणि त्याची मोजणी करता येते. आत्ता मोजून ठेवलेला आकडा पुढे तुलनेला लागतो.

## ७. रजेचा हिशेब आधी मांडा

एचआरकडून लेखी घ्या: आजारपणाची रजा किती, किती शिल्लक, सलग किती दिवसांनंतर प्रमाणपत्र लागतं, अर्धा दिवस मोजतात का, आणि बिनपगारी रजेत विमा व नोकरीची सलगता चालू राहते का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत.

तपासणीच्या दिवसांना शक्यतो अर्धा दिवस टाका. पूर्ण रजा झटक्यासाठी राखून ठेवा. मी पहिल्या तीन महिन्यांत दर भेटीला पूर्ण रजा टाकली, आणि पाय बधिर झाला तेव्हा खात्यात दोन दिवस उरले होते.

## ८. पैशाचे तीन आकडे

लांबलचक अंदाजपत्रक करू नका, करून ते कोणी पाळत नाही. तीन आकडे काढा.

पहिला, महिन्याचा अटळ खर्च: घर, हप्ते, वीज, किराणा, मुलांची फी, विम्याचे हप्ते.

दुसरा, हातात असलेली आणि आठवड्याभरात मोकळी करता येईल अशी शिल्लक. मुदत ठेव मोडल्यावर दंड लागत असेल तर तो वजा करून.

तिसरा, पगार अर्धा झाला तर किती महिने निघतील.

माझं उदाहरण देते. अटळ खर्च पगाराच्या ७० टक्के होता. शिल्लक पाच महिन्यांच्या अटळ खर्चाएवढी, म्हणजे साडेतीन पगार. पगार पूर्ण थांबला तर पाच महिने. पण पगार अर्धा झाला तर महिन्याचा खड्डा फक्त २० टक्के, म्हणजे तीच शिल्लक साडेसतरा महिने पुरते. ज्या रात्री हा भागाकार केला त्या रात्री मला कित्येक आठवड्यांनी झोप लागली. तुमचा आकडा यापेक्षा लहान निघेल कदाचित, तरी तो माहीत असलेला बरा.

तपासणीचा खर्च मोजताना फक्त बिल धरू नका. प्रवास, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी किंवा रजा, दुसरं मत, जुन्या रिपोर्टच्या प्रती, सगळं धरा. आणि एक चौकशी आत्ताच करून ठेवा: निदान झालंच तर एमएसची पुढची औषधं दीर्घकाळ चालतात आणि महाग असतात, तर त्यांचा खर्च तुमचा विमा किंवा सरकारी योजना उचलते का, आणि त्यासाठी कोणते कागद लागतात.

## ९. विमा: इथे घाई आणि लपवाछपवी दोन्ही महागात पडतात

असलेली पॉलिसी बंद पडू देऊ नका. तारीख चुकली आणि पॉलिसी खंडित झाली तर ती पुन्हा सुरू करताना तब्येतीचे प्रश्न नव्याने विचारले जाऊ शकतात. हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करा.

नवी पॉलिसी घेताना खोटं लिहू नका. “निदान कुठे झालंय? ‘नाही’वर खूण करा,” असं मला एका एजंटने हसत सांगितलं होतं. फॉर्म नीट वाचा. बऱ्याच फॉर्ममध्ये ‘सध्या कोणत्याही तपासण्या सुचवल्या आहेत का, निकाल यायचा आहे का’ असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहिलं आणि पुढे दावा केला, तर कंपनी जुने केसपेपर मागवते आणि दावा नाकारते. वर्षानुवर्षं हप्ते भरलेले असतात तुम्ही, एजंटने नाही. खरं लिहिल्यावर कंपनी अर्ज पुढे ढकलेल किंवा नाकारेल, हेही शक्य आहे. पुन्हा कधी अर्ज करता येईल ते लेखी विचारून ठेवा.

गंभीर आजाराच्या पॉलिसीतली व्याख्या शब्दशः वाचा. यादीत एमएसचं नाव असतं म्हणून लगेच पैसे मिळत नाहीत. बहुधा न्यूरोलॉजिस्टचं निश्चित निदान, एमआरआयचा पुरावा आणि काही महिने सलग टिकलेली कमजोरी, अशा अटी असतात. नुसत्या शंकेवर दावा करून नकार ओढवून घेऊ नका.

उत्पन्न संरक्षणाची पॉलिसी असेल तर ‘स्वतःचा व्यवसाय करता न येणं’ आणि ‘कोणतंही काम करता न येणं’ यातलं काय लिहिलंय ते बघा. दोन शब्दांचा फरक आहे, पण दुसऱ्यात पैसे मिळणं फार अवघड.

केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते वाचा. हे मला उशिरा कळलं. घाईत असलेल्या कनिष्ठ डॉक्टरांनी विचारलं, “त्रास कधीपासून?” मी म्हणाले, “तसं बरीच वर्षं काही ना काही चालूच असतं.” मला डोकेदुखी म्हणायचं होतं. कागदावर आलं: ‘लक्षणं अनेक वर्षांपासून’. विमा कंपनीसाठी या एका ओळीने पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार ठरू शकतो. खरं तेच सांगा, पण नेमकं सांगा, तारखेसह. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच वेळी दुरुस्त करून मागा.

## १०. हप्ते

हप्ता चुकण्याआधी बँकेकडे जा. चुकल्यावर गेलात तर तुम्ही थकबाकीदार असता, आधी गेलात तर ग्राहक असता. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, असं काही मिळतं का ते विचारा आणि त्याने एकूण व्याज किती वाढेल तो आकडाही मागा. क्रेडिट कार्डावर तपासण्यांचा खर्च टाकून किमान रक्कम भरत राहणं हा सगळ्यात महाग उपाय आहे. निवृत्तीसाठीच्या रकमेला हात लावणं परत न फिरवता येणाऱ्या निर्णयांत मोडतं.

## ११. तपासणीचे दिवस कसे लावायचे

कॉन्ट्रास्ट (डाग ठळक दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) घालून एमआरआय असेल तर मूत्रपिंडाची रक्ततपासणी आधी मागू शकतात. ती दोन दिवस आधी करून ठेवा, नाहीतर दोन फेऱ्या पडतात. पुढचा एमआरआय शक्यतो त्याच केंद्रावर करा, तुलना सोपी जाते.

पाठीतलं पाणी काढायची तपासणी ऐकताना वाटते तेवढी भयंकर नसते, पण नंतर काही जणांचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त, आणि ते काही दिवस चालू शकतं. मी दुसऱ्या दिवशी ऑडिटला बसायचं ठरवलं होतं. टेबलावर डोकं ठेवून बसले. पुढचे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, आणि दुखणं असह्य झालं तर अंगावर काढू नका, त्यावर उपाय असतात.

## १२. नाव कळायच्या आधीच उपाय विकणारे

ते तुम्हाला शोधत येतील. २००९ मध्ये इटलीतले डॉक्टर पाओलो झांबोनी यांनी मांडलं की मानेतल्या शिरा अरुंद झाल्याने एमएस होतो. जगभरातल्या हजारो रुग्णांनी परदेशात जाऊन, कर्ज काढून त्या शिरा रुंद करून घेतल्या. २०१७ मध्ये झांबोनींच्याच नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीत त्या शस्त्रक्रियेचा उपयोग दिसला नाही. तोपर्यंत पैसे गेले होते. हा तर डॉक्टरांनी मांडलेला सिद्धान्त होता. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्यांचं काय सांगावं! निदान न झालेल्या आजारावर आगाऊ पूर्ण कोर्सचे पैसे मागणाऱ्याला तुमचा आजार कळलेला नसतो, तुमची भीती कळलेली असते.

## १३. ज्या दिवशी उत्तर येईल

माझं उत्तर ‘हो’ आलं. दुसऱ्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूत नवा डाग दिसला. मी त्या दिवशी तीन कामं केली: निदानाची तारीख असलेलं, सही-शिक्क्याचं पत्र मागून घेतलं, उपचार कधी सुरू होणार आणि त्यासाठी किती दिवस लागणार ते लिहून घेतलं, आणि घरी जाऊन झोपले. विमा कंपनीला मुदतीत कळवलं. ऑफिसला आठवड्याने सांगितलं, नावासकट, कारण आता सोयींसाठी लेखी अर्ज करायचा होता. ती वही, ते ईमेल, त्या चिठ्ठ्या सगळ्या अर्जाला जोडल्या. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “एवढी तयारी कोणीच करून येत नाही.”

उत्तर ‘नाही’ आलं, दुसरंच काही निघालं, तर ऑफिसात आणि विम्यात जिथे जिथे शंका लेखी गेली असेल तिथे नव्या निदानाची प्रत द्या, म्हणजे जुनी शंका तुमच्या नावाला चिकटून राहणार नाही. उत्तर ‘अजून थांबू’ आलं तर रजेचा आणि पैशाचा हिशेब पुढच्या सहा महिन्यांसाठी पुन्हा मांडा. जुने आकडे चालत नाहीत. आणि तिन्हींपैकी काहीही आलं तरी पहिली सीडी टाकू नका. पुढचा प्रत्येक एमआरआय तिच्याशीच ताडून बघणार आहेत.